हाडे मऊ करणारी गाठ आणि राहून गेलेली एक तपासणी

‘पाय दुखतात’ ही आपल्याकडच्या बाह्यरुग्ण विभागातली सर्वांत जुनी आणि सर्वांत कमी ऐकली जाणारी तक्रार. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातून काळी-पिवळीत बसून आलेला शेतमजूर असो की शहाद्याच्या पट्ट्यात कापूस वेचणारी बाई, ही तक्रार सांगितली की बहुतेकदा वेदनाशामक गोळी, एक ‘ताकदीचे’ इंजेक्शन आणि कॅल्शियमची पट्टी हाती पडते. दहांपैकी नऊ जणांना त्याने बरेही वाटते. प्रश्न उरतो तो दहाव्याचा. त्याची टाच आधी दुखते, मग कंबर, मग बरगड्या. वर्षभरात तो उकिडवा बसला की हाताचा आधार घेतल्याशिवाय उठू शकत नाही. चाल बदकासारखी डुलती होते. कुशीवर वळतानाही कळ येते. कुठे न पडता, न आपटता हाड मोडते. दोन-तीन वर्षांत काठी, मग खाट. अशा माणसाच्या शरीरात कुठेतरी, कदाचित पायाच्या तळव्यात किंवा नाकामागच्या पोकळीत, वाटाण्याएवढी गाठ असू शकते आणि ती काढली की तो पुन्हा चालू शकतो, हे सांगितले तर पटणार नाही. पण वैद्यकशास्त्राला ही गोष्ट ठाऊक होऊन आता पाऊणशे वर्षे झाली आहेत.

या आजाराला ट्युमरमुळे होणारा ऑस्टिओमलेशिया म्हणतात. ऑस्टिओमलेशिया म्हणजे अस्थिमृदुता, हाडे मऊ पडणे. लहान मुलांत हेच झाले की आपण त्याला मुडदूस म्हणतो. हाडांची ठिसूळता, म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, आणि अस्थिमृदुता यांत रुग्ण तर गोंधळतातच, कधी कधी डॉक्टरही गोंधळतात. फरक घराच्या बांधकामावरून समजेल. ठिसूळतेत भिंतच पातळ झालेली असते. विटा कमी, सिमेंटही कमी. मृदुतेत सळयांचा सांगाडा जागेवर उभा असतो, पण त्यात सिमेंट भरलेलेच नसते. हाडातले हे सिमेंट म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फरस यांचे क्षार. दोन्हींपैकी एक जरी कमी पडले तरी ओतकाम अडते. कॅल्शियमबद्दल आपण रोज ऐकतो. फॉस्फरसचे नाव मात्र शेतकऱ्याला खताच्या गोणीवरून जेवढे माहीत असते, तेवढेही रुग्णाला माहीत नसते.

गाठ काय करते?

आपल्या शरीरातला सुमारे ८५ टक्के फॉस्फरस हाडांत असतो. रक्तातला फॉस्फरस मूत्रपिंडातून गाळला जातो आणि त्यातला बहुतांश भाग मूत्रपिंड परत रक्तात ओढून घेते. किती ओढायचा आणि किती लघवीवाटे सोडायचा, हे ठरवणाऱ्या संप्रेरकांपैकी एक हाडांच्याच पेशी तयार करतात. त्याचे नाव एफजीएफ-२३. निरोगी माणसात त्याचे काम मोजूनमापून चालते. या आजारातली गाठ मात्र हेच संप्रेरक बेसुमार बनवते. मूत्रपिंडाला सतत ‘सोडून दे’ असा निरोप जात राहतो आणि फॉस्फरस लघवीतून वाहून जातो. त्यावर आणखी एक घाव म्हणजे, ड जीवनसत्त्वाचे सक्रिय रूप मूत्रपिंडात तयार होण्याची क्रियाही हे संप्रेरक दाबून टाकते. त्यामुळे आतड्यातून नवा फॉस्फरस पुरेसा शोषला जात नाही. टाकीचा नळ उघडा आणि वरून येणारे पाणीही कमी, अशी स्थिती होते. स्नायूंनाही फॉस्फरस लागतो, म्हणून मांड्या-खांद्यांचे बळ जाते.

गंमत अशी की गाठ स्वतः जवळजवळ नेहमीच साधी असते, कर्करोगाची नसते. ती दुखत नाही, फारशी वाढत नाही, अनेकदा हाताला लागतही नाही. ती पसरून मारत नाही. एका जागी बसून दूरची हाडे पोखरते. म्हणूनच ती सापडत नाही.

पाऊणशे वर्षांचा शोध

केंब्रिजचे रॉबर्ट मॅककान्स यांनी १९४७ मध्ये अशा एका तरुण मुलीची हकीकत प्रसिद्ध केली. पंधराव्या वर्षाच्या सुमारास तिची हाडे दुखू लागली होती. ड जीवनसत्त्वाचे प्रचंड डोस द्यावे लागले. पुढे मांडीच्या हाडातली गाठ काढली आणि ती बरी झाली. मॅककान्स यांनी मात्र कारण धरले ते ड जीवनसत्त्वाला शरीराने केलेल्या विरोधाचे. बारा वर्षांनी, १९५९ मध्ये, स्वित्झर्लंडचे आंद्रेआ प्राडर यांनी अकरा वर्षांच्या मुलीची बरगडीतली गाठ काढल्यावर तिचा मुडदूस बरा झालेला पाहिला आणि गाठच काहीतरी द्रव्य सोडत असावी असा तर्क मांडला. ते द्रव्य कोणते हे कळायला २००१ साल उजाडले. जपानी संशोधकांनी अशा गाठीतूनच एफजीएफ-२३ वेगळे काढले आणि ते बनवणाऱ्या पेशी उंदरांत सोडल्यावर उंदरांचा फॉस्फरस उतरतो आणि हाडे मऊ पडतात, हे दाखवून दिले. हे संशोधन किरिन या बिअर बनवणाऱ्या कंपनीच्या औषध प्रयोगशाळेत झाले होते. पुढे याच संप्रेरकाला अडवणारे बुरोसुमॅब हे औषध तिथल्याच कामातून आले आणि २०२० मध्ये अमेरिकेत ते या आजारासाठी मंजूर झाले.

आपल्या राज्यातही या आजारावर मोलाचे काम झाले आहे, ही गोष्ट फारशी कुणाला माहीत नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या अंतःस्राव विभागाने २०१४ मध्ये नऊ रुग्णांचा अनुभव आंतरराष्ट्रीय नियतकालिकात मांडला. प्रश्न साधा होता: ही दडलेली गाठ शोधायला कोणता स्कॅन चांगला? कर्करोगासाठी नेहमी केला जाणारा साखरेवर आधारलेला पेट स्कॅन इथे अनेकदा फसतो. या गाठींच्या पृष्ठभागावर सोमॅटोस्टॅटिन या संप्रेरकाला पकडणारे ग्राहक असतात. त्यांना चिकटणारा डोटाटेट नावाचा किरणोत्सारी पदार्थ देऊन स्कॅन केला तर गाठ उजळून दिसते. आज जगभर या शोधात हाच स्कॅन पहिल्या पसंतीचा मानला जातो. याच विभागाने २०१९ मध्ये डोके आणि मानेतल्या अशा गाठींचा स्वतंत्र आढावा घेतला. त्या भागात त्या सर्वाधिक सापडतात नाक आणि त्यालगतच्या पोकळ्यांत. म्हणजे वर्षानुवर्षे हाडे दुखणाऱ्या माणसाला नाक चोंदते का, नाकातून रक्त येते का, असे विचारणे हा वेडेपणा नव्हे.

शस्त्रक्रिया: छोटी गाठ, मोठा हिशेब

औषधाने हा आजार आटोक्यात राहतो. मुळातून बरे करते ती शस्त्रक्रिया. पण चाकू हाती घेण्याआधी तीन पायऱ्या चुकवून चालत नाही. पहिली, आजार खरोखर फॉस्फरस गळतीचाच आहे हे रक्त आणि लघवीच्या तपासणीने सिद्ध करणे. दुसरी, डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत स्कॅन करून गाठ शोधणे. इथे ‘बोटांपर्यंत’ हा शब्द महत्त्वाचा आहे. नेहमीचे स्कॅन बऱ्याचदा मांडीपाशी थांबतात आणि या गाठी तर पायांत मोठ्या प्रमाणात असतात. तिसरी, सापडलेल्या जागेचा एमआरआय करून गाठीचा नेमका विस्तार ठरवणे. नाही तर जुन्या मोडलेल्या हाडाची जागाही स्कॅनमध्ये उजळते आणि नको तिथे चिरफाड होते.

शस्त्रक्रियेत गाठीभोवतीच्या निरोगी उतींची किनार घेऊन ती समूळ काढावी लागते. मांसल भागात हे त्यामानाने सोपे. हाडात असेल तर नुसती खरवडून काढल्यास थोडे अवशेष मागे राहण्याचा आणि आजार उलटण्याचा धोका वाढतो. म्हणून जिथे शक्य तिथे तो तुकडाच काढून पोकळी हाडाच्या कलमाने किंवा सिमेंटने भरतात. कवटीच्या तळाशी असेल तर नाक-कान-घसा तज्ज्ञ आणि मेंदू शल्यविशारद यांना एकत्र उभे राहावे लागते. हे एकट्या अस्थिरोगतज्ज्ञाचे काम नाही आणि कोणत्याही एका विभागाचेही नाही.

गाठ पूर्ण निघाली की जे घडते ते पाहणाऱ्यालाही चकित करते. संप्रेरकाची पातळी काही तासांतच उतरते. रक्तातला फॉस्फरस साधारणतः काही दिवसांत पूर्ववत होतो. दुखणे आणि अशक्तपणा आठवड्या-महिन्यांत ओसरू लागतो. हाडे पुन्हा भरायला मात्र अनेक महिने, कधी वर्षभर लागते. या काळात उपाशी हाडे कॅल्शियम झपाट्याने ओढून घेऊ शकतात, म्हणून रक्ततपासण्या चालू ठेवाव्या लागतात. वाकलेले हाड किंवा गेलेली उंची मात्र परत येत नाही. उशिराची किंमत असते ती हीच. शिवाय काही रुग्णांत गाठ वर्षांनी उलटते, म्हणून ‘बरा झालो’ म्हणून कागद फेकून द्यायचे नसतात. दरवर्षी फॉस्फरस तपासायचा.

गाठ सापडलीच नाही किंवा काढण्याजोगी नसली तर फॉस्फेट आणि सक्रिय ड जीवनसत्त्व यांवर रुग्ण ठेवतात. फॉस्फेट दिवसातून चार-पाच वेळा विभागून घ्यावे लागते, पोट बिघडते, आणि देखरेखीविना घेतले तर मूत्रपिंडात क्षार साठतात. काही ठिकाणी सुईतून उष्णता किंवा गारवा देऊन गाठ जाळतात. बुरोसुमॅब प्रभावी आहे. पण त्याची किंमत सामान्य माणसाच्या आवाक्यापलीकडची आहे.

नंदुरबारला याचे काय?

हा आजार दुर्मीळ आहे, हे आधीच स्पष्ट करायला हवे. जगभरच्या वैद्यकीय साहित्यात नोंदलेले रुग्ण हजाराच्या आसपास आहेत. मग सातपुड्याच्या कुशीतल्या, २०११ च्या जनगणनेनुसार साडेसोळा लाखांच्या घरातल्या एका जिल्ह्याने याची चर्चा का करावी?

पहिले कारण, दुर्मीळ हा शब्द फसवा आहे. जो आजार कुणी शोधतच नाही तो नेहमीच दुर्मीळ असतो. बीजिंगच्या पेकिंग युनियन वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाने १४४ रुग्णांचा इतिहास तपासला तेव्हा ९५ टक्क्यांहून अधिक वेळा सुरुवातीचे निदान चुकलेले आढळले. मणक्याची गादी सरकली, संधिवात, ठिसूळ हाडे अशी लेबले त्यांना लागली होती. ही अवस्था देशाच्या राजधानीतल्या नामांकित रुग्णालयात पोहोचू शकलेल्या लोकांची.

दुसरे कारण अधिक जवळचे आहे. आपल्या जिल्ह्यात हाडदुखीला तयार लेबले फार आहेत. सिकलसेल हे त्यातले सर्वांत मोठे. सिकलसेल इथे खरोखरच मोठ्या प्रमाणावर आहे; त्यात हाडे भयंकर दुखतात, खुब्याचे हाड मरते. १ जुलै २०२३ पासून देशभर सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, तपासण्या वाढल्या, आणि ते आवश्यकच होते. पण तपासणीचे कार्ड हाती आल्यावर एक नवा धोका उभा राहतो. सिकलसेलचा वाहक, म्हणजे ज्याच्याकडे दोषाची एकच प्रत आहे, तो सहसा निरोगी असतो. त्याची वर्षानुवर्षे वाढत जाणारी हाडदुखी वाहकपणाच्या खात्यात टाकणे चुकीचे आहे. प्रत्यक्ष सिकलसेलच्या रुग्णातही दुखणे झटक्यांनी येते आणि ओसरते. सतत वाढत जाणारी कमजोरी दिसली तर दुसरे काही आहे का, हे पाहायला हवे. तीच गोष्ट कुपोषणाची आणि क्षयाची. कार्डावरचे निदान खरे असते, तरी ते या दुखण्याचे कारण असेलच असे नाही.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. ज्या तपासणीने ही गाठ पकडली जाते, तीच तपासणी याहून कितीतरी अधिक लोकांच्या उपयोगाची आहे. ती म्हणजे रक्तातला फॉस्फरस. मोठ्या माणसात तो साधारण अडीच ते साडेचार मिलिग्रॅम असतो, मुलांत त्याहून जास्त. खासगी प्रयोगशाळेतही साधारण शंभर-दोनशे रुपयांत होणारी ही तपासणी. सोबत कॅल्शियम, अल्कलाइन फॉस्फेटेज, क्रिएटिनिन आणि ड जीवनसत्त्व पाहिले की चित्र बरेच स्पष्ट होते. आहारातल्या आणि उन्हाअभावीच्या ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेने होणारी अस्थिमृदुता यातच उघडी पडते, आणि ती स्वस्तात पूर्ण बरी होते. मुलांमधला आनुवंशिक, नेहमीच्या ड जीवनसत्त्वाला दाद न देणारा मुडदूस यातच सापडतो. एचआयव्ही किंवा कावीळ-बीसाठी दिल्या जाणाऱ्या टेनोफोव्हिरमुळे काही जणांच्या मूत्रपिंडातून होणारी गळती यातच कळते. रक्तक्षयासाठी शिरेतून दिल्या जाणाऱ्या लोहाच्या एका प्रकाराने, फेरिक कार्बोक्सिमाल्टोजने, एफजीएफ-२३ वाढून फॉस्फरस उतरू शकतो. बहुधा तो तात्पुरता असतो, पण वारंवार डोस घेणाऱ्या आणि मग हाडे दुखतात म्हणणाऱ्या बाईचा फॉस्फरस पाहायलाच हवा. याचा अर्थ लोहाचे इंजेक्शन टाळावे असा मुळीच नाही. आपल्याकडे रक्तक्षयाने जाणारे बळी खरे आहेत.

एका अत्यंत दुर्मीळ गाठीसाठी जिल्हाभर तपासण्या करा, असे कुणी म्हणाले तर ते उधळपट्टीचेच होईल. डोटाटेट स्कॅन तर फारच थोड्यांना लागतो. पण तीन महिन्यांहून अधिक काळ वाढत जाणारी हाडदुखी, त्यासोबत उठता-बसता येणारी कमजोरी, किंवा मार न लागता मोडलेले हाड, अशा रुग्णाचा फॉस्फरस पाहणे हा खर्च नाही. न पाहता दिलेली सहा लाख युनिटची ड जीवनसत्त्वाची इंजेक्शने, वारंवार काढलेले मणक्याचे एमआरआय, हाडवैद्याकडच्या खेपा आणि ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबातला एक कमावता हात खाटेला लागणे, हा खरा खर्च.

करण्याजोगे काय आहे

जिल्ह्याला आता स्वतःचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. १९९८ मध्ये धुळ्यापासून वेगळे होताना ज्या गोष्टी आपल्याकडे नव्हत्या, त्यातली ही मोठी भर. त्यामुळे जबाबदारीही इथेच येते. हाडदुखीच्या रुग्णासाठी एकपानी तपासणी यादी करून ती धडगाव, अक्कलकुव्याच्या ग्रामीण रुग्णालयांपर्यंत पोहोचवणे याला नवी इमारत लागत नाही. यादीत फॉस्फरस छापलेला असला की तो मागवला जातो. नसला की विसरला जातो. नमुना सकाळी उपाशीपोटी घ्यावा आणि लवकर प्रयोगशाळेत जावा. कारण डोंगरातून खडखडत आलेल्या बाटलीत रक्तपेशी फुटल्या तर फॉस्फरस खोटाच जास्त दिसतो आणि खरी कमतरता झाकली जाते. तळोद्याहून नंदुरबारला नमुना कसा येतो, हा प्रश्न म्हणूनच वैद्यकीय आहे.

दुसरे, निदान झाल्यावरची वाट. गाठीचा शोध आणि शस्त्रक्रिया यासाठी आज मुंबईसारख्या ठिकाणी जाण्याखेरीज फारसा पर्याय नाही. केईएम हे केंद्राच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणातले उत्कृष्टता केंद्रही आहे. पण ज्याला कूस बदलता येत नाही, त्याला पाड्यावरून झोळीत घालून रस्त्यापर्यंत, तिथून नंदुरबारला आणि पुढे रात्रभर रेल्वेने नेणे म्हणजे काय, हे इथल्या माणसाला समजावून सांगायला नको. म्हणून आधी दूरध्वनीवरून तज्ज्ञांशी बोलून, शक्य त्या सगळ्या तपासण्या इथेच करून, तारीख ठरवूनच रुग्ण पाठवावा. तिथे त्याला भिली-पावरी समजणारा एक माणूस सोबत असावा. ‘मुंबईला जा’ असे चिठ्ठीवर लिहिणे म्हणजे रुग्ण पाठवणे नव्हे.

तिसरे काम आशाताई आणि आरोग्यसेविकांचे, आणि ते सर्वांत सोपे. घरभेटीत एक प्रश्न विचारायचा: उकिडवे बसून, हात न टेकता उठता येते का? आपल्याकडे जेवण, चूल, शेत आणि शौच या सगळ्यांसाठी माणूस दिवसातून वीस वेळा उकिडवा बसतो. त्याला ते जमेनासे झाले आणि तो तरुण आहे, तर ते वय नव्हे आणि आळसही नव्हे. त्याचे नाव वहीत टिपले गेले पाहिजे.

वाचकांसाठीही एवढेच. हाडे दुखतात म्हणून घाबरून जाऊ नका. बहुतेकांना ही गाठ नसते. पण घरात कुणाचे दुखणे वर्षानुवर्षे वाढत असेल, दोन-तीन निदाने बदलून झाली असतील आणि तरी चालणे कमीच होत असेल, तर फाइल उघडून अहवाल चाळा. त्यात फॉस्फरसचा आकडा आहे का बघा. नसेल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना शांतपणे विचारा, ‘साहेब, हा कधी तपासला का?’ असेल आणि कमी असेल, तर तो कागद जपून ठेवा आणि कारण सापडेपर्यंत विचारत राहा.